तोफेचा गोठा

हिंटरलाउई गावात दोन प्रकारचे गोठे आहेत. गाईंचे आणि तोफेचा. गाईंचे गोठे वाकलेले, गळके, कुठे फळी निसटलेली तर कुठे दार बिजागरीतून सुटलेले. तोफेचा गोठा मात्र बारा महिने लग्नघरासारखा सजलेला असायचा. लाकडी भिंती, लाकडी कौले, चार खिडक्या, खिडक्यांना हिरवी दारे आणि प्रत्येक खिडकीखाली लाल जिरेनियमच्या कुंड्या. जवळ जाऊन हात लावला की कळायचे, खिडक्या रंगवलेल्या आहेत, कुंड्या रंगवलेल्या आहेत आणि लाकडाच्या पातळ फळ्यांमागे माणसाच्या उंचीएवढ्या जाडीचे काँक्रीट आहे. महायुद्धात शेजारच्या देशाचे रणगाडे दरीतून वर आलेच, तर यातली एक खिडकी वर उचलायची आणि तिथून तोफेचे तोंड बाहेर काढायचे, असा बेत होता. रणगाडे आले नाहीत, त्यांना दुसरीकडे कामे होती. बंकर तयार राहिला, आणि त्याला तयार ठेवण्याची जबाबदारी ग्वेर्डर घराण्यावर आली, कारण त्यांचे घर त्याला अगदी खेटून होते.

पण ही हकीकत बंकरची नाही, आगाथा ग्वेर्डरची आहे. बंकर मध्ये मध्ये येतो त्याला इलाज नाही, तो आगाथाच्या आयुष्यातही असाच मध्ये आला.

आगाथा समोरच्या डोंगरावरच्या श्वांड वाडीची. उंच, हाडापेराने दणकट, आणि जिभेला धार अशी की वाडीतली कुत्रीसुद्धा तिच्यापुढे जरा बेतानेच भुंकत. लग्न ठरले तेव्हा तिच्या आईने एकच गोष्ट पाहिली होती. "ग्वेर्डरांचं स्वयंपाकघर दक्षिणेला आहे," आई म्हणाली, "खिडकीतून आपली चिमणी दिसेल तुला. धूर दिसला की समजायचं, आई जिवंत आहे." आईने हे लहानपणी, युद्धाच्या आधी, त्या घरात पाहुणी म्हणून गेली असताना पाहिले होते. त्यानंतर मध्ये एक युद्ध होऊन गेले, हे तिच्या हिशेबात राहून गेले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आगाथा स्वयंपाकघरात शिरली तर भर दिवसा दिवा लावलेला. दक्षिणेच्या भिंतीवर खिडकीचा नुसता आकार, चुन्याखालून उठलेला.

"खिडकी कुठाय?" तिने विचारले.

"सैन्याने बुजवली. युद्धात," माइनराड म्हणाला. माइनराड म्हणजे तिचा नवरा. "तिथून गोठ्याचं मागचं दार दिसायचं."

"मग?"

"मग आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, ते कळलं असतं."

"कुणाला?"

"जो कुणी मोरीपाशी उभा असेल त्याला."

"मोरीपाशी बायको उभी असते."

"शत्रूची बायकोसुद्धा असू शकते," माइनराड म्हणाला, आणि तो हे गमतीने म्हणत नाही हे आगाथाच्या लक्षात आले तेव्हा पाव कापत असलेली तिची सुरी थांबली. आपण कुणाच्या घरात आलो आहोत याचा अंदाज तिला त्या क्षणी आला. मग माइनराडनेच जरा नरमाईने सांगितले की सैन्य गेले, की पहिल्याच दिवशी खिडकी फोडू. नवीन नवरा होता, देखणाही होता. तिने विश्वास ठेवला.

माइनराडने सैन्यात शपथ घेतली होती. तो बंकरचा रखवालदार होता आणि ही गोष्ट गुप्त होती. किती गुप्त, तर टपालाची बस चालवणारा नव्या प्रवाशांना सांगायचा, "बंकरपाशी उतरा आणि डावीकडे चालत जा." शाळेतली पोरे चित्रकलेच्या तासाला तो काढायची. पाद्रीबाबा प्रवचनात त्याचा दाखला द्यायचे. साऱ्या दरीत एकच माणूस असा होता ज्याला बंकरबद्दल काही माहीत नव्हते, तो म्हणजे माइनराड. "कुठला बंकर?" तो विचारायचा, "तो गोठा आहे." हे सांगताना त्याचा चेहरा चर्चमधल्या लाकडी संतासारखा व्हायचा, पापणीसुद्धा हलायची नाही. एकदा वरून तपासणीला आलेल्या कर्नलने धो धो पावसात त्यालाच रस्ता विचारला. माइनराडने त्यालाही सांगितले की इथे तसले काही नाही, गाईंचे गोठे आहेत. कर्नल डोंगर पालथा घालून, चिंब भिजून परत आला आणि त्याच अंगणात माइनराडला शाबासकी देऊन शिंकत शिंकत निघून गेला. ती शाबासकी माइनराडने जन्मभर जपली. मुळात त्याच्याकडे जपण्यासारखा दुसरा गुण नव्हता. गाई त्याच्या बेताच्याच, चीज त्याचे कडू, पत्त्यांत तो नेहमी हरायचा. पण सरळ तोंडाने खोटे बोलावे तर त्यानेच, आणि तेही देशासाठी.

गोठा खरा वाटायचा तर त्याच्यापुढे शेण हवे. म्हणून दर आठवड्याला ताज्या शेणाचा ढीग नेऊन घालायचा, हा लष्करी हुकूम. देशाचे संरक्षण शेणावर चालले होते, आणि ते शेण उचलण्याचे काम आगाथाकडे होते. रंगाचे काम मात्र माइनराडचे. लग्नानंतरच्या पहिल्याच जानेवारीत आगाथा गुडघाभर बर्फातून शेणाची पाटी घेऊन गेली, ती परत येऊन शांतपणे म्हणाली, "गावातल्या सगळ्यांच्या कुंड्या घरात आहेत. तुझे जिरेनियम बर्फात फुललेत. शत्रू आंधळा आहे का?"

माइनराडच्या तोंडचे पाणी पळाले. युद्धापासून कुणाच्याच हे ध्यानात आले नव्हते. त्या वर्षापासून तो दर ऑक्टोबरात जिरेनियम रंगाखाली झाकू लागला आणि दर मे महिन्यात पुन्हा फुलवू लागला. तासन् तास शिडीवर उभा राहून एकेक पाकळी काढायचा. घराच्या खऱ्या खिडक्यांचा रंग पापुद्रे होऊन गळत होता, खऱ्या कुंड्यांत गवत माजले होते. "इथेही एखादं फूल लाव की," आगाथा म्हणायची. "वेळ कुठाय?" तो म्हणायचा, आणि ते खरेच होते. त्याचे ब्रश ती धुवायची. आत मात्र तिला एकदाही जाता आले नाही. बायकांना परवानगी नव्हती.

श्वांडमध्ये आई आजारी पडली त्या हिवाळ्यात रस्ता दरड कोसळून बंद होता. आगाथा दिवसातून कितीतरी वेळा कामे टाकून बाहेर यायची आणि बर्फात उभी राहून समोरचा धूर बघायची. बाहेर यायला तिला घराला वळसा घालावा लागायचा, कारण दार उत्तरेला होते. एका सकाळी दूध उतू जाऊ नये म्हणून ती चुलीपाशी थांबली, आणि वळसा घालून पोचली तेव्हा धूर नव्हता. तो किती वेळापासून नव्हता हे तिला कधीच कळले नाही. तिने खिडकीचे नाव काढले नाही, माइनराडनेही काढले नाही. पण त्यानंतर ती त्या भिंतीकडे पाठ करून भांडी घासू लागली.

मग शेवटी सैन्य गेले. कुठल्याशा वसंतात दोन ट्रक आले, तोफ नेली, गोळे नेले, भिंतीवरच्या खुंट्यासुद्धा उपटून नेल्या. एका कोवळ्या लेफ्टनंटने माइनराडशी हात मिळवला आणि म्हणाला, "आता हे गुप्त नाही."

"काय गुप्त नाही?" माइनराडने विचारले.

त्याच दुपारी आगाथाने हातोडा आणून टेबलावर ठेवला. माइनराडने कॉफीचा घोट घेतला. "त्याने तोंडी सांगितलंय," तो म्हणाला. "शपथ तोंडी सुटत नाही. वरून रीतसर कळू दे."

वरून कोण कळवणार? वर आता त्याची कुणाला आठवणही नव्हती. दर वर्षी त्या तारखेला आगाथा त्याच्या कॉफीशेजारी हातोडा ठेवायची, माइनराड तो न बघता बशी जरा सरकवायचा. अशी काही वर्षे गेली. शेवटी तिच्या डोक्यात तिडीक गेली आणि ती उठून गावच्या अध्यक्षाकडे गेली. या देशात भिंत तुमची असली तरी तिला पाडायचे भोक गावाचे असते. त्यासाठी ग्रामसभेत हात वर व्हावे लागतात.

अध्यक्ष क्लेटुस बेट्शार्ट हा गुरांच्या डॉक्टरचा भाऊ, आणि तेवढ्या पुण्याईवर तो निवडून यायचा. "बरी वेळ साधलीस, आगाथा," तो म्हणाला. "या खेपेला तुमच्या बंकरचाही विषय आहे. आधी तो घेऊ, मग तुझी खिडकी, मग सॉसेजचं जेवण."

बंकर सैन्याने गावाला फुकट देऊ केला होता. निम्म्या गावाचे म्हणणे, तो चीजच्या व्यापाऱ्याला द्यावा, आतला गारवा चीज मुरायला झकास. उरलेल्यांचे म्हणणे, शहरातल्या किल्ले-जतन मंडळाला द्यावा. त्या मंडळाचे इतिहासाचे डॉक्टर इंडरबिट्झिन उन्हाळ्यात येऊन गेले होते. मऊ हातांचे, मऊ बोलण्याचे गृहस्थ. त्यांनी काँक्रीटवरून असा हात फिरवला की गावातल्या पुरुषांनी माना वळवल्या. रंगवलेल्या खिडक्यांपुढे उभे राहून ते हळवे झाले. "किती अस्सल," ते म्हणाले. "याच्यापुढे इथले खरे गोठे काहीच नाहीत." माइनराडने हे ऐकले आणि तो दोन दिवस जेवला नाही. कर्नलच्या शाबासकीनंतर त्याचे कुणी कौतुक केले नव्हते. तेव्हापासून तो आठवड्याच्या साध्या दिवशीही रविवारचा कोट घालून गाईंचे दूध काढू लागला.

"ठेवा नाहीतर पाडा," आगाथाचे मत होते, "त्यात बटाटे भरा. माझी खिडकी तेवढी फोडू द्या."

सभा नोव्हेंबरात शाळेच्या व्यायामशाळेत भरली. पलीकडच्या खोलीत सॉसेज उकळत होते आणि त्यांचा वास दाराच्या फटीतून सभेला येऊन बसला होता. इंडरबिट्झिन साहेबांनी मंडळाची योजना पुस्तकी जर्मनमध्ये वाचून दाखवली. वास्तूचे जतन, वास्तूच्या परिसराचे जतन, युद्धकालीन स्थितीत कोणताही बदल न होणे, असे बरेच काही त्यात होते. सगळ्यांनी ते ऐकले आणि कुणाच्याही डोक्यात ते शिरले नाही. आगाथा त्या वेळी खिडकीला पडदा कुठल्या रंगाचा लावावा याचा विचार करत होती.

मग माइनराड उठला. सभेत तो याआधी कधी बोलला नव्हता. रविवारचा कोट, हातात टोपी.

"तो गोठा," त्याने सुरुवात केली आणि तो थांबला. सारी सभा थांबली. "तो गोठा... गोठा नाही."

सगळी व्यायामशाळा हसत सुटली. "अरे देवा," मागून कुणीतरी म्हणाले, "आणि आम्ही इतकी वर्षं तिथं गाय बांधायचा विचार करत होतो." दुसरा म्हणाला, "हळू बोल, माइनराड, भिंतीलाही कान असतील." बायका पदराआड हसतात तशा इथल्या बायका हाताच्या पंजाआड हसत होत्या. माइनराडचे कान लालबुंद झाले. तो बसेना, टोपी नुसती फिरवत राहिला. त्याने जन्मात एकदाच खरे बोलायचे धाडस केले होते, आणि तेच लोकांना विनोदी वाटले.

क्लेटुसने घाईघाईने मत टाकायला सांगितले. "मंडळाला द्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर."

हात वर झाले. मोजणीला शेजारची क्रेसेन्झ होती. तिने एकदा मोजले, पुन्हा मोजले, आणि मग आगाथापाशी येऊन उभी राहिली.

"आगाथा, हा हात वर आहे की तू केस सारखे करतेयस?"

आगाथाने नवऱ्याकडे पाहिले. तो अजून उभाच होता. "वर आहे," ती म्हणाली.

"मग नीट वर कर बाई. अर्धा हात कसा मोजू?"

आगाथाने हात पुरता वर केला. बंकर एका हाताच्या फरकाने मंडळाकडे गेला आणि तो हात कुणाचा हे सगळ्यांनी पाहिले.

"पुढचा विषय," क्लेटुस म्हणाला, "ग्वेर्डरांची खिडकी." इंडरबिट्झिन साहेब खोकले. मोठ्या आदबीने त्यांनी सांगितले की तो विषय आता उरत नाही. त्या घराची दक्षिणेची भिंत परिसरात येते. शिवाय ती बुजवलेली खिडकी म्हणजे सगळ्या जागेतला सर्वांत बोलका पुरावा. तिला हात लावला तर इतिहासालाच हात लावल्यासारखे होईल.

"तिथं मी भांडी घासते," आगाथा म्हणाली.

"हो ना," साहेब भारावून म्हणाले. "जिवंत वारसा."

क्लेटुसने विषय रद्द झाल्याचे सांगितले आणि सॉसेज तयार असल्याचेही सांगितले. आगाथाने त्या दिवशी सॉसेज खाल्ले नाही. फुकटचे सॉसेज कुणी सोडल्याचे हिंटरलाउईत पूर्वी ऐकिवात नव्हते, त्यामुळे खिडकीचे तिला किती लागले आहे ते गावाला समजले.

घरी जाताना माइनराडने टोपी कानांपर्यंत ओढली. मग म्हणाला, "तू हात का वर केलास?"

"लोक हसत होते."

"कुणाला?"

"क्लेटुसला," ती म्हणाली. चार पावले गेल्यावर तिचा राग बाहेर पडला. "तुला हसायचा हक्क माझा आहे, माइनराड. इतकी वर्षं शेण वाहून मिळवलाय मी तो. गावाला फुकट कशी वाटू देईन?"

त्या हिवाळ्यात दोघे एकमेकांशी गाईंपुरते बोलत होते.

वसंतात मंडळाची माणसे आली. पांढरे अंगरखे, हातात बारीक चाकू. त्यांनी बंकरच्या भिंतीवरचा रंग थराथराने खरवडायला घेतला. दुपारपर्यंत पहिल्या खिडकीखालचे जिरेनियम गेले होते.

"हे काय करताय?" माइनराड शिडीखाली धावला.

"मूळ थर शोधतोय," इंडरबिट्झिन साहेब म्हणाले. "युद्धात इथं फक्त हिरव्या पानांचा पट्टा होता. बर्फात शोभतील अशी सदाहरित पानं, पहा किती बारकाईने विचार केलाय. ही लाल फुलं नंतर कुणीतरी घुसडलीत."

म्हणजे बर्फात जिरेनियम फुलवण्याचा मूळ गाढवपणाही सैन्याचा नव्हता. सैन्याने पाने काढली होती, फुले माइनराडच्या वडिलांनी आपली हौस म्हणून वाढवली आणि मुलाने ती जन्मभर जोपासली.

"ती माझी आहेत," माइनराड म्हणाला.

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले, आणि चाकू पुढच्या खिडकीकडे सरकला.

संध्याकाळी माइनराड रंगाचा डबा घेऊन स्वयंपाकघरात आला. आगाथा मॅकरोनी आणि बटाट्यांवर चीज किसत होती. तो बुजवलेल्या खिडकीपुढे उभा राहिला, चुन्यावरचा तो आकार त्याने बोटाने चाचपला.

"आतली बाजू परिसरात येत नाही," तो म्हणाला. "मी विचारून घेतलंय. इथं मी तुला खिडकी काढून देतो. हुबेहूब. श्वांड काढतो, चिमणी काढतो. धूरही काढतो."

आगाथाने किसणी खाली ठेवली. "काढ," ती म्हणाली. "पण उजेडही रंगव."

माइनराड ब्रश हातात धरून उभा राहिला. बाहेर अजून लख्ख ऊन होते आणि आत दिवा जळत होता. त्याने दिव्याकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, आगाथाच्या दिव्याखाली मिचमिचणाऱ्या डोळ्यांकडे पाहिले. मग तो खुर्चीत बसला.

"अंधार आहे गं इथं," तो म्हणाला.

"जेवून घे," आगाथा म्हणाली. एवढे कळायला याला एवढी वर्षे लागावीत, याचे तिला हसूही येत होते आणि रडूही येत होते. ती रडली, पण कांदा चिरायचे निमित्त हाताशी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाहिले तर माइनराड स्वयंपाकघरातले छोटे टेबल डोक्यावर घेऊन अंगणातून चालला होता.

"कुठे नेतोयस?"

"गोठ्यात," तो म्हणाला. सवय कुठे जाते. "खुर्ची घेऊन ये."

लोखंडी दारातून ती प्रथमच आत गेली. आत गार, ओलसर, रिकामे. तोफ होती तिथे जमिनीला नुसती भोके उरलेली. माइनराडने कोपऱ्यातली साखळी ओढली, आणि भिंतीतली रंगवलेली खिडकी, कड्यांसकट, पडद्यांसकट, करकरत वर गेली. आत ऊन आले. ऊन टेबलावर आले, आगाथाच्या हातांवर आले, आणि उन्हापलीकडे सगळी दरी होती, नदीवरचा पूल होता आणि पुलाच्या वर श्वांड. माहेरी आता भावाच्या सुनेने चूल पेटवली असावी. चिमणीतून धूर निघत होता.

आगाथा खूप वेळ उभी होती. "इथून दिसलं असतं," ती शेवटी म्हणाली. काय, ते दोघांनाही माहीत होते: आईचा धूर थांबलेला. माइनराडने मान खाली घातली. त्याला वाईट वाटत होते आणि ते लपवायची त्याला हुशारी सुचली नाही.

मग तिने विचारले, "तोफ कुठं रोखलेली असायची?"

"पुलावर."

"आणि?"

"आणि पुलाच्या जरा वर," माइनराड म्हणाला. "नेम तपासायला एखादी ठळक खूण लागते. चिमणी वगैरे."

सासरवाडीवर मनातल्या मनात तोफ डागणारे जावई पुष्कळ असतात. खरोखरीची तोफ रोखून, वर दर रविवारी तिथे जाऊन सासूच्या हातचा केक खाणारा हा एकटाच असावा. आगाथा त्याच्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की काँक्रीट दणाणले. त्या सभेनंतर ती पहिल्यांदाच हसत होती.

पुढच्या आठवड्यात मंडळाची नोंदणी होती. त्या दिवशी आत जे असेल, त्याची नोंद व्हायची, फोटो निघायचे, आणि मग त्यातली काडीसुद्धा कुणी हलवायची नाही, असा नियम. बंकर लोकांसाठी उघडणार फक्त रविवारी. इतर दिवशी किल्ली रखवालदाराकडे.

इंडरबिट्झिन साहेब तोफेच्या खोलीत आले तर खिडकी वर होती आणि उन्हात आगाथा शेंगा सोलत बसली होती. क्लेटुस त्यांच्यामागे उभा होता. ते टेबल त्याने ग्वेर्डरांच्या स्वयंपाकघरात शंभरदा पाहिले होते, त्यापाशी बसून कॉफीत नाशपातीची दारू घालून प्यायलेली होती.

"हे टेबल?" साहेबांनी चष्मा वर केला. "ही खुर्ची?"

क्लेटुसने माइनराडकडे पाहिले. आगाथाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"सैन्याची आहेत," माइनराड म्हणाला. "युद्धापासून इथंच आहेत. नेम धरणारा इथं बसायचा."

त्याची पापणी हलली नाही. चर्चमधल्या लाकडी संताचा चेहरा. ज्या चेहऱ्याने कर्नलला पावसात डोंगर पालथा घालायला लावला, तोच. देशासाठी खोटे बोलण्यात या माणसाचे सगळे आयुष्य गेले आणि बायकोसाठी बोलायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही, म्हणजे त्याने ती येऊ दिली नाही. आता ती आली, आणि तो चुकला नाही.

साहेबांनी टेबलावरून मऊ हात फिरवला. सुरीचे ओरखडे, गरम भांड्यांचे काळे डाग. "विलक्षण," ते म्हणाले. "याच जागी राहिलं पाहिजे. आणि ही खिडकी अशीच उघडी, तरच अर्थ कळतो." मग आगाथाकडे वळून त्यांनी आदबीने विचारले, "आणि आपण?"

"मी रखवालदारीण," आगाथा म्हणाली. "धूळ पुसायला लागेल ना कुणीतरी. इतिहासावर."

क्लेटुसला खोकल्याची उबळ आली. तो बाहेर गेला, आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट साऱ्या गावाला माहीत झाली. पण मंडळाला ती कुणी सांगितली नाही. गुपित कसे ठेवायचे ते हिंटरलाउईला कुणी शिकवायला नको.

फोटो निघाले, नोंद झाली, साहेब गेले. माइनराड आगाथाच्या मागे येऊन उभा राहिला. ऊन पुलावरून वर चढत श्वांडपर्यंत गेले होते.

"जरा सरक," तो म्हणाला. "मला पण बसू दे."

"दुसरी खुर्ची आण घरून."

"आता नाही आणता येणार," माइनराड म्हणाला. "मी त्यांना एकच सांगितली. आता इथं काही वाढवायचं नाही."

आगाथाने शेंगांची परडी मांडीवर ओढून घेतली. "मग उभा राहा," ती म्हणाली.

तो उभा राहिला. अजूनही आठवड्यातले सहा दिवस तो तिथे उभा असतो, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, आणि समोर धूर दिसला की तिच्याआधी सांगतो.